पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या केसचं कोर्टात पुढं काय झालं, हे आपल्याला कळतं का?

प्रश्न : वकीलसाहेब नमस्कार. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. 2023 च्या पावसाळ्यात माझे सासरे शेतातून घरी येताना एका बुलेटवाल्यानं मागून उडवलं, तो फुल पिलेला होता, पोलिसांनी जागेवरच मशीनमध्ये फुंकायला लावलं. सासऱ्यांचा पाय मोडला, रॉड घातलाय. फिर्याद माझ्या नवऱ्यानं दिली. नंतर आम्हाला ना समन्स ना फोन. तो माणूस गावात बिनधास्त फिरतो आणि लोक म्हणतात पैसे देऊन मिटवलं. स्टेशनला विचारलं तर कोर्टात गेलंय म्हणतात आणि कोर्टात गेलं तर वकील लावा म्हणतात. आम्हाला फक्त निकाल काय लागला एवढं कळायला पाहिजे, तेवढा हक्क आम्हाला आहे की नाही?

उत्तर : ताई, आहे की, पुरेपूर आहे. आणि तुम्ही तर जखमी माणसाच्या घरच्या, पण समजा तुमचा या केसशी काडीचाही संबंध नसता तरी निकाल काय लागला हे तुम्ही बघू शकला असता, कारण फौजदारी केस ही उघड्या कोर्टात चालते, तसं कायद्यातच लिहिलंय, फौजदारी केस चालवायचा जुना कायदा सीआरपीसी, त्याच्या कलम 327 मध्ये होतं, आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसच्या 366 मध्ये आहे. अशी केस दोन घरांची खाजगी भानगड नसते, ती सरकार विरुद्ध तो माणूस अशी असते. त्यामुळं निकाल विचारताना कुणापुढं हात जोडायची किंवा ओशाळं वाटून घ्यायची गरज नाही.

आता कसं शोधायचं ते सांगतो. घरात एफआयआरची कॉपी असेल, फिर्यादीला ती फुकट द्यावीच लागते, तुमच्या मिस्टरांनी कुठल्यातरी पिशवीत हॉस्पिटलच्या बिलांबरोबर ठेवलेली असणार, ती काढा. तिच्यावर क्राईम नंबर आणि वर्ष असतं, म्हणजे अमुक बटा 2023 असं. तेवढं हाताशी आलं की अर्धं काम झालं. कॉपी हरवली असेल तरी कर्नाटक पोलिसांच्या वेबसाईटवर एफआयआर शोधता येते, 2016 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की नाजूक प्रकरणं सोडून बाकीच्या एफआयआर 24 तासांत वेबसाईटवर टाका म्हणून. फक्त तिथं जिल्हा निवडताना लक्ष द्या, बेळगाव सिटी आणि बेळगाव जिल्हा ही दोन वेगळी खाती आहेत, शहराला पोलीस कमिशनर आणि जिल्ह्याला एसपी म्हणजे जिल्हा पोलीस प्रमुख. खानापूर, नंदगड ही स्टेशनं जिल्ह्यात येतात पण काकतीसारखं हायवेवरचं स्टेशन कमिशनरेटमध्ये, आणि लोक चुकीच्या यादीत शोधून नाही सापडली म्हणून सोडून देतात.

मग मोबाईलवर ई-कोर्ट्सची, म्हणजे कोर्टातल्या केसेसची माहिती देणारी साईट उघडा किंवा ई-कोर्ट्स सर्व्हिसेस नावाचं ॲप घ्या, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, लॉगिन पण नको. राज्य कर्नाटक, जिल्हा बेळगावी, मग कोर्ट कॉम्प्लेक्स खानापूर. आता केस स्टेटसमध्ये एफआयआर नंबरनं शोधायची सोय आहे, तिथं पोलीस स्टेशन निवडून नंबर आणि वर्ष घाला. पेंडिंग म्हणजे चालू आणि डिस्पोज्ड म्हणजे निकाली असे दोन पर्याय येतील तर बोथ म्हणजे दोन्ही लावा, पुष्कळ जण नुसतं पेंडिंग बघतात आणि केस गायब झाली म्हणून घाबरतात. सापडली की वर 16 अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे त्या केसचा ओळख नंबर दिसेल, आपल्या जिल्ह्याचा के ए बी जी नं सुरू होतो, तो वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी तो एकच नंबर घातला की सगळं उघडतं. केस नंबरच्या आधी सीसी लिहिलेलं असेल.

नावानं पण शोधता येतं पण आपल्या सीमाभागात ते किचकट जातं बघा. आपण ज्ञानेश्वर लिहिताना इंग्रजीत डीएनवाय लावतो आणि कन्नड वळणाचा कारकून जेएन किंवा जीएन लावतो, दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी माणसं. विठ्ठलमध्ये एच कधी असतो कधी नसतो, लक्ष्मण तर तीन चार तऱ्हेनं. म्हणून पूर्ण नाव घालूच नका, आडनावाची किंवा नावाची पक्की असलेली तीन चार अक्षरं घाला आणि वर्ष घाला, यादी लांब येईल पण त्यात तुमचं सापडेल.

आता खरी गोष्ट, सापडल्यावर वाचायचं कसं. डिस्पोज्ड लिहिलेलं दिसलं की आपली माणसं म्हणतात सुटला. तसं नाही ओ. डिस्पोज्ड म्हणजे कोर्टानं ती फाईल निकालात काढली, एवढंच. शिक्षा झाली तरी डिस्पोज्ड, निर्दोष सुटला तरी डिस्पोज्ड, आरोपी मेला तरी डिस्पोज्ड. त्याच्या खाली नेचर ऑफ डिस्पोजल म्हणून ओळ असते ती वाचा, तिथं कन्व्हिक्टेड म्हणजे दोषी ठरला, ॲक्विटेड म्हणजे निर्दोष सुटला, किंवा प्लीड गिल्टी असं काहीतरी लिहिलेलं असतं. प्लीड गिल्टी म्हणजे त्यानं कोर्टात उभं राहून गुन्हा कबूल केला आणि कोर्टानं लगेच दंड किंवा शिक्षा सुनावली. आणि तुम्हाला समन्स आलं नाही याचं साधं कारण हेच असू शकतं! आरोपीनं कबुली दिली की साक्षीदार बोलवायची गरजच राहत नाही, सासऱ्यांना नाही, फिर्यादीला नाही, डॉक्टरांना नाही. एका सकाळी केस बोर्डावर येते, तो दंड भरतो, पावती घेतो आणि घरी जातो, आणि इकडं जखमी माणसाच्या घरी कुणाला पत्ताच नसतो. कायद्यानं ते बरोबर असतं पण माणूस म्हणून मला ते पटत नाही, ज्याचा पाय मोडला त्याला एक कागद तरी जायला पाहिजे होता असं मला मनापासून वाटतं.

पैसे देऊन मिटवलं म्हणतात त्याबद्दल. अपघात 2023 चा म्हणजे गुन्हे आणि शिक्षांचा जुना कायदा आयपीसी लागणार, त्याच्या जागी आलेला नवा बीएनएस 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना. तुमच्या केसमध्ये बहुतेक आयपीसी 279 म्हणजे बेदरकार गाडी चालवणं, 338 म्हणजे त्यामुळं गंभीर दुखापत, आणि मोटार वाहन कायद्याचं 185 म्हणजे पिऊन चालवणं, अशी कलमं असतील. यातलं 338 तडजोडीनं मिटवता येतं पण ते कोण मिटवू शकतो? जखमी झालेला माणूस, म्हणजे तुमचे सासरे, आणि ते पण कोर्टाची परवानगी घेऊन. 279 आणि 185 तडजोडीत मिटतच नाहीत. हेल्मेट नाही म्हणून जसा जागेवर दंड भरून मोकळं होता येतं तसं 185 मध्ये होत नाही, ते कोर्टातच जायला पाहिजे. म्हणजे सासऱ्यांनी कुठं सही केलेली नसेल तर मिटवलं हे बोलणं गावगप्पा समजा आणि ऑर्डर बघा. सासऱ्यांना शांतपणे विचारून घ्या तेवढं, दवाखान्यात असताना कुणी कसल्या कागदावर अंगठा सही घेतली होती का.

ऑर्डर बघताना कुठल्या कलमाखाली काय झालं हे वेगवेगळं बघा. एकाच निकालात 338 खाली शिक्षा आणि 185 मधून सुटका असं होऊ शकतं. 185 टिकायला 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमपेक्षा जास्त दारू होती हे ब्रेथ ॲनालायझरच्या किंवा लॅबच्या रिपोर्टवरून शाबीत व्हावं लागतं, वास येत होता आणि झोकांड्या खात होता एवढ्यावर ते निभावत नाही, मशीनची ती छोटी चिठ्ठी फाईलला लागली नसेल तर सरकारी वकील तरी काय करणार. दंडाचा आकडा पण समजून घ्या, 1 सप्टेंबर 2019 नंतरच्या गुन्ह्याला पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा पकडला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 किंवा दोन्ही. त्याआधीच्या गुन्ह्याला पहिल्या वेळी दंड 2,000 पर्यंतच होता, त्यामुळं कुणाची जुनी ऑर्डर बघून एवढ्यावर सोडला म्हणून लगेच संशय घेऊ नका.

वेबसाईटवर ऑर्डरची पीडीएफ नसेल, कबुलीच्या छोट्या केसमध्ये पुष्कळदा नसते, किंवा असली तरी तुम्हाला शिक्का मारलेली पक्की कॉपी पाहिजे असेल तर कोर्टाच्या कॉपींग सेक्शनला अर्ज करायचा. सर्टिफाईड कॉपीचा फॉर्म, केस नंबर, निकालाची तारीख, तुम्ही कोण आणि कशाला पाहिजे ते एका ओळीत, आणि ठरलेली फी. केसमधले नसलेल्या माणसाला पण हायकोर्टाच्या नियमांप्रमाणं निकालाची कॉपी मागता येते, त्याला कारण नीट द्यावं लागतं एवढंच, तुमच्याकडं तर जखमीच्या घरचे हेच कारण आहे. अर्ज सासऱ्यांच्या किंवा फिर्यादीच्या म्हणजे मिस्टरांच्या नावानं करा म्हणजे प्रश्नच येणार नाही. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत भरून न्या, मराठीत लिहिलेलं घेत नाहीत म्हणून खिडकीवर वाद घालण्यात तुमचा दिवस जाईल आणि गावाकडची शेवटची बस पण. निकाल कन्नडमध्ये असला तर घाबरू नका, दंड, शिक्षे म्हणजे शिक्षा, बिडुगडे म्हणजे सुटका असले शब्द आपल्याला ऐकून माहीत असतात, बाकीचं कुणाकडून तरी शब्दन् शब्द वाचून घ्या, नुसता सारांश ऐकू नका.

माहितीच्या अधिकारात टाकतो म्हणणारे पुष्कळ भेटतात. कोर्टाच्या फाईलमधल्या कागदांसाठी तो रस्ता बंद आहे असंच समजा, 2020 मध्ये गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की कोर्टाचे स्वतःचे नियम आहेत त्या नियमांनीच कॉपी मागा. आणि कॉपीसाठी वकील लावायलाच पाहिजे असं नाही. तरी कुणी सोबत असावं वाटत असेल तर तालुका कायदा सेवा समितीत जा, बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, 15100 हा त्यांचा फोन नंबर.

ई-कोर्ट्सवर केसच सापडली नाही तर मात्र गोष्ट गंभीर आहे. मग बहुतेक आरोपपत्र कोर्टात गेलंच नाही किंवा पोलिसांनी बी रिपोर्ट, म्हणजे केस बंद करायचा रिपोर्ट घातला. बी रिपोर्ट घातला तर फिर्यादीला नोटीस यायलाच पाहिजे आणि तुम्हाला त्याच्यावर हरकत घेता येते. आणि आरोपपत्र गेलंच नसेल तर अजिबात वेळ घालवू नका, 338 मध्ये कोर्टानं दखल घ्यायला 3 वर्षांची मुदत असते. क्राईम नंबर घालून एसपी ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि पोचवर शिक्का घ्या, तोंडी विचारलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

अजून एक, तुम्ही विचारलं नाही पण सांगायलाच पाहिजे. फौजदारी निकालाची वाट बघत नुकसानभरपाईचा क्लेम अडकवून ठेवला नाही ना? तो अपघात न्यायाधिकरणात वेगळा चालतो, त्याला 6 महिन्यांची मुदत आणलीय आणि त्या मुदतीवरून कोर्टात वाद चालू आहेत, त्यामुळं क्लेम टाकलेला नसेल तर याच आठवड्यात कुणा वकिलाला सगळे कागद दाखवा. आरोपीनं 10,000 दंड भरला तर तो सरकारजमा होतो ताई, त्यातून सासऱ्यांच्या रॉडचा एक पैसा निघत नाही.

प्रश्न : निपाणीहून लिहितोय. मुलीला स्थळ आलंय, मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीला, घर पण चांगलं. पण कानावर आलंय की दोन वर्षांमागं मित्रांबरोबर गोव्याहून येताना पिऊन गाडी चालवताना पकडला होता. त्यांना न दुखवता खरं खोटं कसं काढायचं?

उत्तर : काका, मुलीच्या बापानं चौकशी करणं हे काही पाप नाही, करायलाच पाहिजे. पण आधी हे ध्यानात घ्या की केस मुलगा राहतो तिथल्या कोर्टात नसते, जिथं पकडला तिथल्या कोर्टात असते. आणि आपल्या भागात तीन राज्यं अशी एकमेकांत घुसलीत की एका रात्रीच्या प्रवासात माणूस तिन्हीकडून जातो. चोर्ला घाटातून येताना गोव्याच्या बाजूला पकडला असेल तर सत्तरी तालुका, म्हणजे ई-कोर्ट्सवर राज्य गोवा आणि जिल्हा नॉर्थ गोवा. वर कणकुंबीच्या अंगाला आल्यावर असेल तर खानापूर. आंबोलीनं आला असेल तर सिंधुदुर्ग किंवा कोल्हापूर जिल्हा, आणि हायवेला कोगनोळीच्या अलीकडं पकडला तर तुमचं निपाणीच, पलीकडं कागल. म्हणून ज्यानं सांगितलं त्याला आधी विचारा कुठं पकडला होता, त्याला तेवढं पण सांगता येत नसेल तर त्याच्या बातमीत किती दम आहे ते तुम्हीच ठरवा.

ठिकाण कळलं की नावानं शोधा, वर खानापूरच्या ताईंना सांगितलंय तसंच. शोधल्याचं मुलाला किंवा कुणाला कळत नाही. पण हात जोडून सांगतो काका, नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं धरू नका. पाटील, देसाई, जाधव आपल्याकडं गल्लीगल्लीत आहेत. वडिलांचं नाव, गाव, वय, गाडीचा नंबर यातलं दोन तीन तरी ऑर्डरशी जुळायला पाहिजे. एका चांगल्या पोराचं स्थळ दुसऱ्याच्या केसवरून मोडलं तर ते पाप कुणाच्या माथ्यावर? आणि केस पेंडिंग दिसली तर तो अजून आरोपी आहे, गुन्हेगार नाही.

सापडलं तर पुढं काय, हे पण बोलू. नुसता 185 आणि दंड भरून मोकळा, कुणाला इजा नाही, त्यानंतर परत काही नाही, असं असेल तर मुलाला समोर बसवून सरळ विचारा. तो कबूल करतोय का, वडिलांना माहीत होतं का, आता पितो का, हे त्याच्या तोंडूनच कळेल आणि मला विचाराल तर लग्नासाठी त्या उत्तराला ऑर्डरपेक्षा जास्त किंमत आहे. कुणाला उडवलंय, किंवा दुसऱ्यांदा पकडलाय, तर मात्र मी माझ्या मुलीच्या बाबतीत पुढं गेलो नसतो, स्पष्ट सांगतो. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पाहिजे असेल तर ते मुलालाच काढावं लागतं, तुम्हाला दुसऱ्याच्या नावानं मिळणार नाही, आणि मागायला लाजू नका.

आणि स्क्रीनशॉट भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कोर्टाची माहिती उघडी असते हे खरं, पण तिच्यावरून कुणाला दारुडा म्हणत गावभर पसरवलं तर बदनामीची केस होऊ शकते, आणि तिथं खरं आहे एवढं सांगून भागत नाही, ते लोकांच्या भल्यासाठी सांगितलं हे पण दाखवावं लागतं. तुम्हाला ठरवायचंय, तुम्ही बघा, घरात बोला, बस.

प्रश्न : बेळगावात माझी मुलगी ज्या व्हॅननं शाळेला जाते त्या ड्रायव्हरला मागच्या महिन्यात ट्रॅफिकवाल्यांनी सकाळीच पिलेला पकडला असं दुसऱ्या पालकांनी सांगितलं. तो परत गाडीवर आहे. निकाल लागेपर्यंत आम्ही काही करू शकत नाही का?

उत्तर : निकालाची वाट बघूच नका. कोर्टाचं कोर्टात चालू दे, लायसनचं काम त्याच्यापासून वेगळं चालतं. 185 मध्ये पकडल्यावर पोलीस लायसन जप्त करून आरटीओकडं पाठवू शकतात, आणि आरटीओ त्याचं म्हणणं ऐकून पहिल्या वेळी 3 महिने लायसन बाद करू शकतो, परत पकडला तर रद्दच. गुन्हा शाबीत झाला तर कोर्ट पण त्याला लायसनसाठी अपात्र ठरवू शकतं. म्हणून तुम्ही चार पाच पालक मिळून आजच शाळेला आणि आरटीओला लेखी द्या, गाडीचा नंबर, पकडल्याची तारीख आणि जागा घालून, आणि ट्रॅफिक नॉर्थ की साऊथ, कुठल्या स्टेशननं पकडलं ते विचारून त्यांना पण एक कॉपी. शाळेकडं एकच मागणी करा, त्याचं लायसन आत्ता चालू आहे की नाही हे ओरिजिनल बघून आम्हाला लेखी कळवा. त्यांचं उत्तर येईपर्यंत मुलीला त्या व्हॅनमध्ये बसवू नका, दोन दिवस सुट्टी पडली तरी चालेल.